व्यापाऱ्याच्या घरातील संग्रहालयात घरही दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या व्यापाऱ्यांच्या घरांत थाटलेली लहान कलासंग्रहालये मला भव्य सरकारी संग्रहालयांपेक्षा नेहमीच जवळची वाटतात. तेथे चित्रासमोर हवा तितका वेळ थांबता येते आणि पाहायचे बरेच राहून गेल्याची रुखरुख घेऊन बाहेर पडावे लागत नाही. मात्र अशा अनेक ठिकाणी चित्रांची माहिती तपशीलवार मिळते, पण ती ज्या घरात लावली आहेत त्याबद्दल कोणी अवाक्षरही काढत नाही. ही उणीव आपल्या दैनिकातून संबंधितांच्या कानावर जावी, यासाठी हे पत्र.

नुकत्याच पाहिलेल्या अशा एका संग्रहालयात मूळ मालकाची पेढी असलेल्या रस्त्यालगतच्या खोलीचे तिकीटघर झाले आहे. उंबऱ्याचा दगड ये-जा करणाऱ्यांच्या पावलांनी मधोमध झिजून खोलगट झाला आहे आणि जमाखर्चाच्या वह्यांसाठी भिंतीत केलेल्या कोनाड्यांत आता प्रेक्षकांच्या पिशव्या ठेवतात. वरच्या दालनात प्रत्येक चित्राखाली चित्रकार, साल आणि माध्यम सांगणारा नेटका फलक आहे. या खोलीत एक ओळही नाही. चौकशी केली तेव्हा, प्रदर्शन वरच्या मजल्यापासून सुरू होते, असे तेथील कर्मचाऱ्याने अगदी सौजन्याने सांगितले.

व्यापाऱ्याचे घर नुसते राहण्यासाठी नसे. राजस्थानातील शेखावाटीच्या हवेल्यांत दर्शनी भागातच व्यवहाराची बैठक असे, बाहेरचा चौक पुरुषांचा आणि त्यामागचा बायकांचा. तेथील कित्येक व्यापारी घराणी कलकत्ता-मुंबईत जाऊन स्थिरावली आणि तिकडे कमावलेल्या पैशावर गावाकडच्या हवेल्या रंगल्या. १९०२ साली बांधलेल्या आणि आता संग्रहालय असलेल्या नवलगढच्या पोद्दार हवेलीसारख्या वास्तूंत देवादिकांच्या शेजारीच आगगाडी का रंगवलेली दिसते, याचा उलगडा हा इतिहास कळल्यावरच होतो. एरवी ती चित्रकाराची गंमत म्हणून आपण पुढे निघून जातो.

ॲमस्टरडॅमच्या कालव्यांकाठच्या घरांच्या माथ्यावर आजही आकडा बसवलेली तुळई दिसते. माल दोराने वर ओढून माळ्यावर घ्यायचा, ही तेथील रीत. चढता माल भिंतीवर आपटू नये म्हणून कित्येक घरांचा दर्शनी भाग मुद्दाम किंचित पुढे झुकता बांधलेला आहे. तेथील यान हार्टमन या व्यापाऱ्याने १६६१ मध्ये घेतलेल्या घराच्या माळ्यावर, कॅथलिकांच्या उघड उपासनेला बंदी असताना, आख्खे चर्च उभारले गेले. १८८८ पासून संग्रहालय असलेल्या या वास्तूत प्रेक्षक घरातल्या खोल्यांमधूनच चर्चपर्यंत चढत जातो.

पैसा कोठून आला हा प्रश्न अवघड असतो, हे मान्य. तरीही तो टाळता येत नाही. त्याच शहरातील व्हान लून संग्रहालय ज्या घराण्याचे नाव लावते, त्याचा एक पूर्वज १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या संस्थापकांत होता. या घराण्याचा सुरिनाममधील गुलामगिरीशी असलेला संबंध संग्रहालयाने २०१९ मध्ये स्वतःच प्रदर्शनातून मांडला. आपल्याच घराबद्दल इतके मोकळेपणाने बोलणे सर्वांनाच जमेल असे नाही, पण मालक कशाचा व्यापार करत होता एवढे तरी दाराशी लिहायला काय हरकत आहे?

लहान संग्रहालयांचे हात बांधलेले असतात, याची मला जाणीव आहे. कागदावरील चित्रे आणि जलरंग उजेडाने फिके पडतात आणि उडालेला रंग परत येत नाही, म्हणून खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. पण त्यापायी सगळे घरच अंधारात जाते. नाजूक चित्रे आतल्या खोल्यांत हलवून चौकाकडच्या खिडक्या उघडता येतील का, याचा विचार व्हावा. प्रवेशद्वारापाशी कोणती खोली मूळची कशासाठी होती हे दाखवणारा घराचा नकाशा लावण्यास फारसा खर्च येणार नाही. आणि पेढीची खोली प्रेक्षकांसाठी मोकळी करावी. तिकिटांचे टेबल आणि पिशव्या जिन्याखालीही मावतील.

आपला,
एक वाचक