काका, तो डबा तुम्ही परत दिलात म्हणून

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नाव घालू नकोस म्हणालात, म्हणून नुसतं काका. साताऱ्यात जुन्या नाण्यांचा विषय निघाला की ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

मार्चमध्ये बोर्नव्हिटाचा तो गंजका डबा घेऊन मी तुमच्या दारात उभी राहिले, तेव्हा माझा प्रश्न एकच होता: याचे किती येतील? बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. डब्यात चाळीसेक शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी), अंकुशाची खूण असलेले सहा मराठी चांदीचे रुपये, म्हणजे अंकुशी, आणि धोतराच्या फडक्यात बांधलेले राणीछाप, राजाछाप रुपये. आदल्याच दिवशी एका सराफानं रुपये काट्यावर टाकून चांदीचा भाव सांगितला होता आणि शिवराया बाजूला सारत म्हणाला होता, "हे मोडीत."

तुम्ही आकडा सांगितलाच नाहीत. खिडकीपाशी पंचा पसरलात, एकेक नाणं कडेनं उचलून ठेवत गेलात, आणि एका लखलखीत शिवराईपाशी थांबलात. "ही घासली?" मी अभिमानानं सांगितलं, चिंच आणि मीठ. तुम्ही चष्मा काढून नुसते डोळे चोळलेत. घासलं की नाण्याचं मोल उतरतं, हे मला तेव्हा कळलं. काका, त्या दिवसानंतर मी घरातल्या कुठल्याच जुन्या वस्तूला हात लावायला घाबरते.

मग तुम्ही मला कामाला लावलंत. भाऊ कॅलिफोर्नियाहून सांगत होता, इकडे भारतीय नाण्यांचे मोठे लिलाव होतात, दिवाळीत येतो आणि घेऊन जातो. तुम्ही त्याला माझ्याच फोनवरून समजावलंत: शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्यानं पुरावशेष ठरतं, खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. विमानतळावर पकडला गेलास तर नाणी तर जातीलच, शिवाय खटला. तो गप्प झाला. (मावसभावानं पाठवलेल्या "जुनी नाणी द्या, लाखो मिळवा" वाल्यांचा निकालही तिथेच लागला. मी "नोंदणी शुल्क" भरायच्या बेतात होते. असल्या लोकांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलं होतं, हे मला तुमच्याकडून कळलं.)

राहिले देशातले लिलाव. मुंबईत टोडीवाला, ओसवाल, राजगोर, बंगळुरूला मरुधर, अहमदाबादला क्लासिकल. मला वाटलं, आता तुम्ही एक नाव सांगाल. तुम्ही माळ्यावरून कॅटलॉगांचे गठ्ठे काढलेत, हातात पेन्सिल दिलीत आणि म्हणालात, "कोण किती कमिशन घेतो ते नंतर. आधी बघ, तुझ्यासारखा माल कुणाकडे विकला जातो." दोन रविवार मी तुमच्या ओसरीवर बसून मोजत होते. मराठा नाण्यांचे लॉट (एका बोलीत विकायचे गट) किती, त्यातले किती गेले, किती पडून राहिले, अंदाजे किंमत काय छापली होती आणि बोली कुठे थांबली. काकूंनी दोन्ही रविवारी थालीपीठ केलं, त्याचे आभार वेगळे.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मी ज्यांच्याकडे द्यायचं ठरवून आले होते, त्यांचं कमिशन कमी होतं, कॅटलॉग गुळगुळीत होता, पण मराठा नाणी दीड पानात उरकलेली आणि निम्मी न विकलेली. फोन केला तर म्हणाले, सगळ्या शिवराया मिळून एकच लॉट करू. दुसऱ्यांचा कॅटलॉग साधा, पण त्यात शिवराईच्या अक्षरांवर परिच्छेदच्या परिच्छेद. तिथे बोली लावणाऱ्या माणसाला "शिव" आणि "सिव" यातला फरक कळतो आणि त्याचे तो पैसे मोजतो. शेवटी आपण डबा फोडला. राणी आणि राजा एकीकडे, मराठे दुसरीकडे. दोघांकडूनही प्रत्येक नाण्याचा फोटो, वजन आणि राखीव किंमत (जिच्याखाली विकायचं नाही ती) लिहिलेली पावती घ्यायला लावलीत. न विकलं तर काय आकारता, पैसे किती दिवसांत देता, परवाना दाखवा, हे प्रश्न मी तोंडपाठ करून गेले होते. साध्या, सर्रास मिळणाऱ्या दुदांडी शिवराया मात्र पाठवूच दिल्या नाहीत. "त्यांचे हेलपाटेही सुटणार नाहीत. ठेव घरात."

सगळ्यात अवघड झालं ते 1939 च्या रुपयाचं. बाबांनी तो वेगळ्या कागदात गुंडाळून वर स्वतःच्या अक्षरात "दुर्मीळ" लिहिलं होतं. वजन बरोबर 11.66 ग्रॅम, चांदीही बरोबर. तुम्ही भिंग माझ्या हातात दिलंत आणि नऊकडे बघ म्हणालात. खालच्या वेटोळ्याची डावी बाजू तासलेली, आजूबाजूचा सपाट भाग किंचित खोलगट. 1938 च्या आठाचा कुणीतरी नऊ केला होता. मी रडले ते पैशांसाठी नाही. बाबांनी तो किती वर्षं जपला होता. तुम्ही कागद पुन्हा तसाच गुंडाळून दिलात.

बाबांनी ज्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, तो 1911 चा रुपया मात्र भाव खाऊन गेला. पंचम जॉर्जच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोंबाबोंब झाली आणि 1912 पासून तो ठसा बदलावा लागला, ही गोष्ट मी आता येईल त्याला ऐकवते. दोन अंकुशी परत आले. सगळं कमिशन कापून हातात आले ते सराफाच्या आकड्याच्या साडेतीनपट, सात आठवड्यांनी.

तुम्ही चहाशिवाय काही घेतलं नाहीत. फक्त एका शिवराईवर पातळ कागद ठेवून, पेन्सिल तिरकी धरून तिचा ठसा उतरवून घेतलात. मला वाटलं, हौस. परवा पुण्याच्या प्रदर्शनात तुमच्या मित्रांनी सांगितलं की त्या वळणाच्या अक्षरांची शिवराई तुम्ही वीस वर्षं शोधताय. मार्चमध्ये तुम्ही "पाचशे रुपये घे" म्हणाला असतात, तरी मी आनंदानं देऊन टाकली असती. लिलावातसुद्धा बोली लावली नाहीत. का, असं मी त्यांना विचारलं. म्हणाले, "तो म्हणतो, सल्ला मी दिलाय, मग मी कसा घेऊ?"

चिंचेनं घासलेली ती शिवराई देवघरात आहे. तुम्ही म्हणालात, हळूहळू काळी पडेल, हात लावू नकोस. अजून तरी नव्या गडूसारखी चमकतेय. दसऱ्याला काकूंना घेऊन या, म्हणजे बघाल.

तुमची,
डबेवाली