आमच्या गुंठ्यांचा हिशेब मांडून देणाऱ्या कृषी खात्याच्या ताईंना

आदरणीय ताई,

नाव छापलेलं तुम्हाला रुचणार नाही, म्हणून नुसतं ताई लिहिते. खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या पिकाला, तोड आली, ऊस कारखान्याला गेला, तरी तुमचे आभार मानायचे राहिलेत हे मनाला लागून होतं.

आम्ही भोगावतीकाठची माणसं. राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण हाती घेतलं, त्या पाण्यावर आमच्या आज्या-पणज्यांचे संसार उभे राहिले. रान मात्र वाटण्या होत होत गुंठ्यांवर आलं. माझ्याकडं 18 गुंठे. मालक गेल्यापासून सगळं मीच बघते. मुलगा कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कामाला जातो, त्याला रानात यायला रविवारशिवाय सवड नाही.

तुमच्याआधी गावात प्रशिक्षणं झाली नाहीत असं नाही. फलक लागायचा, हारतुरे व्हायचे, फोटो निघायचे. हेक्टरी इतकं नत्र, हेक्टरी इतकं स्फुरद असं सांगून साहेब गाडीत बसायचे. एकदा मी उभी राहून विचारलं, "साहेब, 18 गुंठ्यांना किती?" उत्तर आलं, "घरात कुणी शिकलेलं असेल तर त्याला पाठवा." भर सभेत, सगळ्या गावासमोर. ते बोलणं अजून सलतं. ज्याच्याकडं हेक्टर आहेत त्यालाच शेती शिकवायची असेल, तर गुंठेवाल्यांना बोलावता कशाला?

तुम्ही शेतीशाळा ठेवलीत ती धारा काढून, डेअरीला दूध घालून झाल्यावर, आणि तीही बांधावर. बायका आल्या त्या त्यामुळंच. पाचट, म्हणजे तोडणीनंतर रानात राहणारा उसाचा वाळका पाला, पेटवू नका हे आम्ही पूर्वीही ऐकलं होतं. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं आणि काडी लावली की जमिनीत जाणारं तेवढं खत धूर होऊन जातं, हे तुम्ही हातात माती घेऊन समजावलंत. मग पाचट कुजवायला हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट आणि 10 किलो जिवाणू खत लागतं म्हणालात. माझ्या तोंडून तोच जुना प्रश्न निघाला. छातीत धडधडत होतं.

तुम्ही म्हणालात, "मावशी, घरात एखादा रिकामा डबा आहे का?"

तेलाचा जुना पत्र्याचा डबा आणला. तुम्ही दुकानातल्या काट्यावर 800 ग्रॅम युरिया तोललात, डब्यात ओतलात, डबा हलवून सपाट केलात आणि खिळ्यानं बाहेरून रेघ मारलीत. "हेक्टर म्हणजे साधारण शंभर गुंठे. म्हणून ही रेघ एका गुंठ्याची. अशा अठरा वेळा." मग सुपर फॉस्फेटचा एक किलो तोलून दुसरी रेघ, पहिलीच्या जरा खाली. जिवाणू खत गुंठ्याला 100 ग्रॅम, शेणखतात कालवून. रेघ नीट उमटली का ते बोट फिरवून बघितलंत आणि डबा माझ्या हातात दिलात. ताई, त्या घडीला मला रडू आलं होतं. तुम्ही पाहिलंत, पण काही बोलला नाहीत, त्याचंही बरं वाटलं.

बाकीचं सगळं तुम्ही शिकवलंत तसंच केलं. बुडखे जमिनीलगत छाटले, पाचट सरीत दाबलं, नंतरचं खत पहारीनं बुडख्यापासून अर्ध्या वितीवर भोक पाडून मातीआड घातलं. भांगलण, म्हणजे तण काढायचं काम, कमी झाली, ओल टिकली, पाण्याची पाळी लांबली. ऊसही चांगला भरला.

एकेका सहाय्यक कृषी अधिकाऱ्याकडं, ज्यांना आधी कृषी सहाय्यक म्हणायचे, कितीतरी गावं असतात, वर कागदांचा ढीग. एका बाईच्या डब्यावर रेघ ओढा असं कुठल्याच शासन निर्णयात नसणार. तरी तुम्ही ती ओढलीत. शिकलेली माणसं आम्हाला पुष्कळ भेटली. आमच्या मापात बोलणारं माणूस पहिल्यांदा भेटलं. अशी माणसं खात्यात आहेत म्हणून आमच्यासारख्यांना त्या कचेरीची पायरी चढायचा धीर होतो.

आता गल्लीतल्या बायका तो डबा मागून नेतात. दोघींनी आपापल्या डब्यांवर तशाच रेघा मारून घेतल्या.

एक मागणं आहे. माझी धाकटी बहीण शिरोळ तालुक्यात दिलीय. जादा पाण्यानं तिचं रान खारवटलंय, निचऱ्याची सोय नाही, आणि तिलाही सगळे एकराचेच खर्च सांगतात. तिला तुमचा नंबर देऊ का? संकोच वाटतोय, पण विचारते.

तुमची,
भोगावतीकाठची मावशी