मोहदरी घाटातला शब्द

नाशिक, ता. २१ मे

प्रिय मित्रा,

वास्तुशांतीला आलो नाही म्हणून वहिनी रुसल्यात असं कळलं. फोनवर सांगितलं ते थापेबाजी नव्हती रे. पहाटे साडेपाचला नाशिकरोड सोडलं आणि मोहदरी घाटात कांद्याच्या गोण्यांचा ट्रक आडवा. उलटला नव्हता, नुसता आडवा उभा. एक चाक डिव्हायडरवर, तोंड डोंगराकडे. क्रेन यायला दुपार झाली. तोवर तुमचा मुहूर्तही टळला.

पुतणी मागे बसून परीक्षेचे इंग्रजी शब्द घोकत होती. "काका, थ्वॉर्ट म्हणजे?" मी समोर बोट दाखवलं, "हा काय!" घरी येऊन कोश उघडला, तर चेष्टा खरी निघाली. आज त्याचा अर्थ एखाद्याचा बेत हाणून पाडणं. मुळात मात्र तो साधा 'आडवा'. ८६५ साली डेनिश फौजा इंग्लंडात उतरल्या, पुढे त्यातले कितीतरी तिथंच जमीन कसत राहिले. त्यांच्या नॉर्स बोलीतला 'थ्वेर्ट' इंग्रजांच्या तोंडी बसला तो असा. जर्मनातला 'क्वेर' त्याचाच भाऊबंद. तिकडे आडव्या बासरीला क्वेरफ्लोटे म्हणतात. म्हणजे आपल्या कृष्णाची बासरीही क्वेरच! आणखी मागे गेलं की पीळ देण्याचा धातू लागतो, संस्कृतातला तर्कू, म्हणजे सूत कातायची चाती, त्याच कुळातला. (माझी टकळी सुरू झाली म्हणशील. होऊ दे.)

मला गंमत वाटली ती आपल्या बोलण्याची. मांजर आडवं जातं, नशीब आडवं येतं, जमिनीच्या व्यवहारात भावकी आडवी येते, आणि आडकाठीच्या तर नावातच आडवेपण. गंगापूर धरणावर होडीतल्या ज्या आडव्या फळीला तू घट्ट धरून बसला होतास ना, तिलाही इंग्रजीत थ्वॉर्टच म्हणतात.

तुझा लाडका 'फॉइल', त्याचाही अर्थ बेत हाणून पाडणंच, पण तो मात्र या घरातला नाही. तो फ्रेंचांच्या तुडवण्यातून आला. शिकारीत जनावर आपलाच माग तुडवून कुत्र्यांना चकवतं, तो फॉइल. चॉकलेटची चांदी निराळी. ती लॅटिनातल्या पानावरून आली.

पुढच्या शनिवारी रात्रीच निघतो. वहिनींना सांग, मनुके आणतोय, दोन किलो.

तुझा,
गंगापूर रोडवाला

ता. क. पुतणीला शब्द चांगला पाठ झाला. पेपरात आलाच नाही.