ब्रिस्टलमधल्या त्या दोघांना थँक्यू
परवा दुपारी आईला घेऊन ब्रिस्टलला भिंतींवरची चित्रं बघत फिरत होतो, स्टोक्स क्रॉफ्ट रस्त्यावर बँक्सी या भित्तिचित्रकाराचा १९९९ चा पेटती बाटली फेकणारा टेडी बघून झाला आणि पुढच्याच गल्लीत आईचा पाय मुरगळला, ती फुटपाथवर बसलीच आणि माझा फोन नेमका बंद पडलेला. समोर भिंत रंगवणारी मुलगी आणि तिचा मित्र स्प्रे टाकून धावत आले. तो दुकानातून फ्रोझन मटारची पिशवी घेऊन आला, पैसे घेतलेच नाहीत. तिने आईच्या पायाखाली स्वतःचं जॅकेट ठेवलं, आणि साडीला रंग लागू नये म्हणून निळे झालेले हात आधी पॅन्टला पुसले, मगच पाय धरला. टॅक्सी येईपर्यंत तशीच बसून होती. नावं विचारायची राहिली हो. आईचा पाय आता बराय, रोज तुमची आठवण काढते. खूप खूप आभार!