रामेश्वर रिक्षातून दिसत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत रामेश्वर तीन तासांत उरकण्याचा मंत्र वाचला. लेखकमहाशयांनी रामेश्वर 'कव्हर' केलं, त्याबद्दल त्यांचं अभिनंदन. स्टेशनवरच रिक्षा ठरवा, दहा ठिकाणं करा आणि दुपारी मदुराईच्या रस्त्याला लागा. बेट लहान आहे, गावात बघण्यासारखं फारसं काही नाही, असा एकूण सल्ला. आपल्या भागातून तिथं थेट जायचं तर नांदेडवरून जाणारी ओखा-रामेश्वरम, तीही आठवड्यातून एकदा. दीड-दोन दिवस डब्यात काढायचे, सोबतचे धपाटे संपवायचे आणि पोचल्यावर तीन तासांत पळ काढायचा? मग घरी बसून टीव्हीवर बघितलेलं काय वाईट?

रिक्षाचं म्हणाल तर तिचा प्रसाद आम्हाला मिळालेला आहे. आईला घेऊन मी पहिल्यांदा गेलो तो एका यात्रा कंपनीबरोबर. कंपनीचं नाव लिहीत नाही, तुम्ही छापणारही नाही. लॉज देवळाच्या पूर्व दरवाजाजवळच्या गल्लीत. पहाटे साडेचारला खाली आलो तर दारात रिक्षांची रांग. "अग्नितीर्थावर स्नानाला जायचंय, बसा." आई दरवर्षी आषाढीला दिंडीत पायी पंढरपूरला जाणारी बाई. ती म्हणाली, मी चालते. मॅनेजर म्हणाला, "आजी, तुम्हाला नाही झेपायचं, लांब आहे." माणशी पन्नास रुपये. रिक्षानं अंधारात चार वळणं घेतली आणि समुद्रावर आणून सोडलं. स्नान झालं, उजाडलं, आईनं मागं वळून बघितलं आणि म्हणाली, "आगं बाई, हे तर मघाचंच गोपूर की रं!" ज्यांनी रामेश्वर पाहिलंय त्यांना सांगायला नको. पूर्वेच्या दरवाजातून नाकासमोर चालत गेलं की अग्नितीर्थ. दोनशे पावलं असतील, फार तर तीनशे. पंढरपूरपर्यंत चालणाऱ्या बाईला तेवढ्यासाठी रिक्षात कोंबलं! पैशाचं सोडा, आई अजून त्या मॅनेजरचं नाव काढते आणि पुढं जे म्हणते ते वर्तमानपत्रात लिहिता येत नाही.

तेव्हापासून गेलो की लॉजवर पिशवी टाकतो आणि चालायला लागतो. देवळाभोवती चार बाजूंना चार रथवाटा आहेत, त्यामुळे चुकायची सोय नाही. गोपूर दिसत राहतं. सकाळी सहाच्या सुमाराला पश्चिमेकडच्या गल्ल्यांतून फिरावं. बायका दारापुढं पाणी मारून तांदळाच्या पिठाची रांगोळी काढत असतात. एकदा माझ्यासमोर एक शेळी आली आणि नुकतं काढलेलं आख्खं कमळ चाटून गेली. बाईनं तिला हाकललंही नाही, उरलेल्या पिठानं शेजारी दुसरं काढायला घेतलं. शंख-शिंपल्यांची दुकानं तेव्हा बंद असतात, त्यामुळे कोणी हात धरून आत ओढत नाही. ताडाच्या पानांच्या टोपल्या विणणाऱ्या म्हाताऱ्या ओट्यावर बसलेल्या असतात. असाच चालत असताना आम्ही मायलेक मोठ्यानं बोलत होतो, तर एका घरातून आवाज आला, "कोठून आलात आपण?" चक्क मराठी, पण आपल्या आजोबांच्या वेळची. रामनाथस्वामींच्या गाभाऱ्यात पूजा करणारे पुजारी मूळचे महाराष्ट्रीय, शृंगेरी मठाची दीक्षा घेतलेले, पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहिलेले. मराठी वाचकांसाठी लिहिलेल्या मराठी लेखात हे एक वाक्य बसलं नाही? पार्किंगला तर अर्धा रकाना दिलाय.

बाहेरच्या प्रदक्षिणामार्गाचे खांब १२१२, हा आकडा लेखात बरोबर आहे. पण देवळातली बावीस तीर्थं म्हणजे विहिरी आणि कुंडं, आणि ती रिक्षात बसून होत नाहीत, एवढं तरी लिहायचं. काठावर उभा असलेला माणूस दोरीची बादली खाली सोडतो, सरसर ओढतो आणि डोक्यावर उपडी करतो. अंगावर ओले कपडे, पाय अनवाणी, खाली गुळगुळीत झालेला दगड. असं एकामागून एक बावीस वेळा. गुडघे दुखणाऱ्यांनी भिंतीच्या कडेनं चालावं, मधोमध पाणी साचतं. ही माहिती वाचकाच्या उपयोगाची होती.

तिथून गंधमादनचं टेकाड तीनेक किलोमीटर. लेखात 'ऑटोनेच जावे' असं ठळक अक्षरांत आहे. का? वाटेत वाळू आणि तिच्यात माजलेली वेडी बाभूळ. क्षणभर वाटतं, अहमदपूर-नांदेड रस्त्याच्या कडेलाच उभे आहोत. ऊन चढायच्या आत गेलं तर म्हातारं माणूसही सहज पोचतं. वर रामाची पावलं आहेत आणि त्या टेकाडावरून सगळं बेट दिसतं.

लेखकाला पायी चालण्याचा इतका तिटकारा का, कळत नाही. काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वरापर्यंत खांद्यावर न्यायची, ही आपलीच रीत. पैठणच्या नाथांनी ती कावड तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिती केली, ही गोष्ट तुमच्याआमच्या शाळेत शिकवली. नाथ पायी होते म्हणून त्यांना गाढव दिसलं. रिक्षात असते तर तीन तासांत रामेश्वर उरकून परत आले असते.

निदान तुम्ही वर्तमानपत्रवाल्यांनी तरी कलामांच्या घराकडं चालत जायला सांगायला हवं होतं. मशिदीच्या गल्लीतलं ते घर देवळापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. दुसऱ्या महायुद्धात गाडीचं रामेश्वरला थांबणं बंद झालं, तेव्हा वर्तमानपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून बाहेर फेकले जायचे, आणि ते गोळा करायच्या कामात लहानग्या अब्दुल कलामांचा हात असायचा. त्यांची ती पहिली कमाई. लेखात कलाम आहेत ते फक्त 'सेल्फी पॉइंट' म्हणून.

बेटाच्या टोकाचं धनुष्कोडी मात्र लांब आहे, तिथं बसनं जावं, याबाबत माझं भांडण नाही. भांडण आहे ते चौकटीतल्या 'भुतांचं गाव' या मथळ्याशी. २२-२३ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळात ते गाव गेलं, पांबनहून निघालेली प्रवासी गाडी माणसांसकट समुद्रात गेली. पडक्या चर्चच्या आसपास आजही कोळ्यांची कुटुंबं झोपड्या बांधून राहतात, मासे विकतात, त्यांची पोरं पाण्याच्या बाटल्या विकायला धावत येतात. भुतं कोण? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमच्या जिल्ह्यात किल्लारी गेली. मदुराईच्या एखाद्या पेपरानं जुन्या किल्लारीच्या ढिगाऱ्यांचा फोटो छापून वर 'भुतांचं गाव, रात्री थांबू नका' असं लिहिलं, तर तुमच्याच अग्रलेखाला किती मिरच्या झोंबतील? मथळा देणारा उपसंपादक बहुधा त्यानंतर जन्मलेला असावा. त्याला कोणीतरी किल्लारीला घेऊन जा. तिथं रिक्षा चालेल.

जाता जाता आणखी एक. बेटावर रेल्वे नेणारा समुद्रातला 'नवा पांबन पूल' म्हणून जो फोटो छापलाय तो जुन्या पुलाचा आहे. १९१४ च्या पुलाची मधली दोन पाती जहाजासाठी दोन बाजूंना तिरपी वर उचलली जायची, फोटोत तेच दिसतंय. ६ एप्रिल २०२५ ला सुरू झालेल्या नव्या पुलावर दोन मनोरे आहेत आणि त्यांच्यामधला ७२.५ मीटरचा गाळा आडवाच्या आडवा १७ मीटर वर जातो. हा फोटो तुमच्या मथळ्यासकट आमच्या गावातल्या शाळेच्या फलकावर कालच चिकटलाय. तेव्हा दुरुस्ती पहिल्या पानावर नको, पण त्याच पुरवणीत आणि तेवढ्याच आकारात छापावी, आतल्या पानावर निविदांच्या खाली नव्हे.

आपला,
एक जुना वाचक
अहमदपूर, जि. लातूर