डंकर्कच्या फ्रेंच विनाशिकांचीही नावे छापा

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला डंकर्कवरचा लेख वाचला. लेख मनापासून लिहिलेला आहे, पण त्यात फ्रेंच माणूस दिसतो तो फक्त वाळूत रांग लावून उभा असलेला. मे-जून १९४० मध्ये जर्मनांनी फ्रान्सच्या डंकर्क बंदराभोवती कोंडलेले ३ लाख ३८ हजार सैनिक इंग्लंडला नेले ते ब्रिटिश नौदलाने आणि हौशी लोकांच्या लहान होड्यांनी, एवढेच वाचकाच्या मनात उरते. फ्रेंच नौदल त्या दिवसांत तिथेच राबत होते, आणि बुडतही होते. ते राहून गेले, म्हणून हे पत्र.

मी तेहेतीस वर्षे व्यापारी जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली. १९८४ मध्ये आमचे कोळशाचे जहाज डंकर्कला नऊ दिवस अडकून पडले होते. एजंटच्या कचेरीतले एक वयस्क कारकून रोज कागद घेऊन जहाजावर येत. एकदा चहा घेताना त्यांनी जहाजबांधणीच्या गोदीकडे बोट केले आणि म्हणाले, ‘बुरास्क तिथे बांधली, आणि बुडाली ती इथून जवळच.’ मला तेव्हा हे नावही ठाऊक नव्हते. पुढे जिथे काही मिळाले तिथून वाचत गेलो.

पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सने १२ विनाशिकांची एक मालिका बांधली. बुरास्क त्यांतलीच. सगळ्यांना नावे दिली वाऱ्यांची आणि वादळांची. बुरास्क म्हणजे अवचित येणारा सोसाट्याचा वारा. सिरोको हा सहाराकडून येणारा गरम वारा, मिस्त्राल हा ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून उतरणारा गार वारा. खारे वारे, मतलई यांच्या भरवशावर होडी हाकणाऱ्या गावात मी वाढलो. जहाजाला वाऱ्याचे नाव देणारी माणसे मला परकी वाटली नाहीत.

साधारण १०६ मीटर लांब आणि दहा मीटरहूनही कमी रुंद असे हे जहाज. १३० मिलिमीटरच्या चार तोफा, टॉर्पेडोच्या सहा नळ्या, वेग ३३ नॉट. मुळातच वरचा बोजा जास्त. खलाशी दीडशेच्या आसपास. अशा जहाजावर, म्हणजे बुरास्कवर, ३० मे रोजी सहाशेहून अधिक सैनिक चढवले गेले. जहाजावर काम केलेल्या माणसाला यापुढे काही सांगावे लागत नाही. डेकवर इतकी माणसे दाटीवाटीने उभी राहिली की जहाज आधीच डुलू लागते, आणि खाली बॉयलरपाशी असलेल्यांना वर यायला वाट उरत नाही.

डंकर्क ते डोव्हर सरळ वाट ३९ सागरी मैलांची. पण ती कॅलेच्या बाजूच्या जर्मन तोफांच्या माऱ्यात होती. म्हणून बरीच जहाजे पूर्वेकडून वळसा घालून जात, ८७ मैलांच्या वाटेने. या वाटेवर बेल्जियमचे न्यूपोर्ट लागते, आणि तोवर तिथेही जर्मन तोफा येऊन बसल्या होत्या. न्यूपोर्टसमोरच बुरास्क फुटली. कोणी सुरुंग म्हणतात, कोणी तोफगोळा. त्याच रात्री, ३१ मे उजाडण्याआधी, सिरोको त्याच बाजूने निघाली. तिच्यावर ७७० सैनिक होते. दबा धरून बसलेल्या जर्मन टॉर्पेडो बोटींनी तिला गाठले. कप्तान होते गी द तुलूझ-लोत्रेक, चित्रकार लोत्रेक यांच्याच घराण्यातले. याच मालिकेतल्या सिक्लोनचा पुढचा भाग टॉर्पेडोने उडाला. नाळ, म्हणजे पुढचे टोक, नसलेले ते जहाज तिच्या माणसांनी फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदरापर्यंत नेले. तिथे १८ जूनला, जर्मनांच्या हाती पडू नये म्हणून, ते त्यांनीच निकामी केले. ओराज तर आठवडाभर आधीच, २३ मे रोजी, फ्रान्सच्याच बुलोन बंदरापाशी विमानांच्या बॉम्बनी गेली होती. बारातली चार जहाजे महिन्याभरात संपली.

एवढे लिहून थांबलो असतो. पण याच मालिकेतल्या आणखी तीन जहाजांचे पुढे १९४२ मध्ये जे झाले ते मला अजून गिळवत नाही. फ्रान्स पडल्यावर, ३ जुलै १९४० रोजी, फ्रेंच आरमार जर्मनांच्या हाती जाईल या भीतीने ब्रिटिशांनी अल्जिरियात मेर्स-एल-केबीर येथे त्यावर तोफा डागल्या. जवळजवळ १३०० फ्रेंच नौसैनिक मेले. त्याच दिवशी ब्रिटिश बंदरांत आश्रयाला आलेली फ्रेंच जहाजेही ताब्यात घेतली गेली. मिस्त्राल आणि उरागाँ त्यांत होत्या. उरागाँवर पुढे काही महिने पोलिश नौसैनिक होते.

मेर्स-एल-केबीरपासून ओरान अगदी जवळ. तिथे ८ नोव्हेंबर १९४२ रोजी दोस्तांचे सैन्य उतरू लागले तेव्हा जर्मनांशी तह केलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारच्या हुकमाखालील तोर्नाद, त्रामोंतान आणि तिफॉन बाहेर पडल्या. समोर होती ब्रिटिश क्रूझर ऑरोरा. तिच्या १५२ मिलिमीटरच्या तोफांपुढे या जहाजांचा निभाव लागणे शक्यच नव्हते. पहिल्या दोघी त्याच दिवशी गेल्या. तिफॉनला शेवटी तिच्या माणसांनीच ओरानच्या बंदरात बुडवले. डंकर्कला ज्यांच्या खांद्याला खांदा लावून यांच्या भावंडांनी प्राण दिले, त्यांच्याच तोफांपुढे ही तीन संपली. यात कुणा एकाला दोषी ठरवावे असे मला वाटत नाही. दोन्हीकडची माणसे हुकमाने निघाली होती.

त्रोंबची गत आणखी निराळी. ट्युनिशियातल्या बिझर्त बंदरात ती शत्रूच्या हाती पडली, इटालियन नौदलात गेली, १९४३ मध्ये परत आली, आणि एप्रिल १९४५ मध्ये, युरोपातले युद्ध संपायला तीन आठवडे उरले असताना, एका लहानशा इटालियन बोटीचा टॉर्पेडो खाऊनही तरली. मिस्त्राल, उरागाँ, सिमून आणि तांपेत याही युद्धातून वाचल्या आणि पुढे भंगारात निघाल्या.

माझी मागणी छोटी आहे. पुढच्या मे महिन्यात आपण डंकर्कवर पुन्हा काही छापाल, तेव्हा बुरास्क, सिरोको, सिक्लोन आणि ओराज ही चार नावे त्यात यावीत. चौकटीत नव्हे, लेखाच्या अंगात.

आपला,
एक निवृत्त मरीन इंजिनिअर, गुहागर