विम्यात मृग बहाराची जोखीम मे महिन्यापासून धरा

महोदय,

मार्चमध्ये बाजारात संत्री दिसली की पुण्याचे माझे व्याही हमखास विचारतात, 'ही शीतगृहातली का हो?' नाही. ती मृग बहाराची, म्हणजे जूनमधल्या मृगाच्या पावसावर आलेल्या फुलांची. हा बहार आपोआप मिळत नाही, झाडाला तहानेने टेकीस आणून घ्यावा लागतो.

वरुड तालुक्यात माझी 280 झाडं आहेत, बहुतेक भारी काळ्या जमिनीत. कडाक्याची थंडी पडते तिथं संत्र्याचं झाड हिवाळ्यात निजतं आणि नंतर एकदाच फुलतं. आमच्याकडे तेवढी थंडी नाही, म्हणून त्याला पाणी तोडून थांबवायचं. हलक्या जमिनीत तीन-चार आठवड्यांत ताण बसतो. माझ्या जमिनीला दीड महिना हवा, काळी माती ओल सोडतच नाही. वडील आळ्यातली माती उकरून मुळ्या उघड्या करायचे. मी नुसता वखर फिरवतो. दुपारी पानं मलूल झाली तर मी हलत नाही. सकाळीही सावरली नाहीत, पिवळी होऊन गळायला लागली, की ताण बसला. त्यावर मृगाचा पाऊस झाला, नाहीतर विहिरीचं पाणी दिलं, की पंधरा-वीस दिवसांत बाग पांढरी होते. रात्री वास थेट ओसरीवर येतो.

2025 साली मुंबईत 26 मे रोजीच मान्सून पोहोचला, त्याचं कौतुक पेपरात वाचलं. त्याच महिन्यात माझ्या बागेवर चार पाऊस झाले. पहिला आला तेव्हा पाणी तोडून अठरा दिवस झाले होते. ताण तुटला. जूनमध्ये सगळीकडे नवतीच नवती, म्हणजे नुसती कोवळी पालवी; येणारेजाणारे म्हणायचे, 'काका, बाग झकास आहे!' फूल मात्र शोधावं लागत होतं. धड फुटली ती बांधाकडच्या मुरमाड पट्ट्यातली चाळीसेक झाडं. व्यापारी रस्त्यावरूनच बघून गेला.

हवामानावर आधारित फळपीक विमा भरला होता. चौकशीला गेलो तर मृगाच्या संत्र्याला धोके दोनच, कमी पाऊस आणि पावसाचा खंड, तेही जूनच्या मध्यापासून पुढचे. समोरचा मुलगा सज्जन होता. म्हणाला, 'काका, तुमच्याकडे तर पाऊस चांगला झालाय.' त्याला काय सांगायचं! बहार बसतो की बसत नाही याचा निकाल मेमध्येच लागलेला असतो.

महसूल मंडळातलं हवामान केंद्र मेमध्येही पाऊस मोजतंच. तेव्हा 1 मे ते 10 जून या ताणाच्या काळातला पाऊस मृग बहारासाठी जोखीम धरावा, एवढंच मागणं आहे. किती मिलिमीटरला ताण तुटतो हे जमिनीप्रमाणे बदलेल, पण ते ठरवायला नागपुरात केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. वरुडहून एका दिवसात जाऊन येता येतं.

— एक संत्रा बागायतदार, ता. वरुड, जि. अमरावती